पावसाळ्यात कोंबड्या पातळ हगतायत? औषधाआधी मका बघा, आणि या चुका टाळा

मुळशी-मावळात पाऊस लागून राहिला की आठ-दहा दिवसांत फोन सुरू होतात. "डॉक्टर, खाद्य न पचताच बाहेर पडतंय, लिटर (शेडमधला भुशाचा थर) ओलं झालंय." तोवर बहुतेकांनी पाण्यातून अँटिबायोटिक सोडलेलं असतं. मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच चूक. दोन दिवस बरं वाटतं, पण खाद्यातला बुरशी लागलेला मका तोच असतो. त्रास परत येतो.

आधी मक्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आतून गरम लागतं का, कोंदट वास येतो का ते बघा. बुरशी दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ती मरते, चाळणीत उडून जाते, पण तिनं सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष दाण्यात तसंच राहतं. मका उन्हात वाळवला की पुढची बुरशी थांबते, आधीचं विष जात नाही. हे विष सापडलं तेच कोंबडीवर्गाच्या खाद्यात: 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या आणि शेंगदाणा पेंड दोषी निघाली.

"बाइंडर घातलाय की," असं बरेच जण सांगतात, म्हणजे विष धरून ठेवायला खाद्यात मिसळतात ती पूड. त्यातली बेंटोनाइट ही माती अफ्लाटॉक्सिनला चांगलं धरते. फ्युजेरियम बुरशीच्या डॉन या विषाला मात्र ती फारसं धरत नाही, आणि आतड्याला डॉनच जास्त छळतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दर काही दिवसांनी नव्याने तयार होतात. डॉन त्यांचं प्रथिन बनवणंच रोखतं. मग अन्न शोषणारे बारीक अंकुर आखूड होतात.

अशा वेळी वजन येत नाही म्हणून सोयापेंड वाढवली जाते, आणि नेमकं बिघडतं. न पचलेलं प्रथिन मागच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम या रोगजंतूला पोसतं. जादा नायट्रोजन युरिक ॲसिड होऊन बाहेर पडतो, पक्षी जास्त पाणी पितात, लिटर आणखी भिजतं. त्यापेक्षा एकूण प्रथिन आवरा आणि अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) नीट जुळवा. आतड्यावरच्या चिकट संरक्षक थरात थ्रिओनिन हे अमिनो आम्ल भरपूर लागतं. ब्रॉयलरमध्ये पचणारं थ्रिओनिन पचणाऱ्या लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या साधारण 65 ते 68 टक्के ठेवतात. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून सिस्टीन आणि त्यातून ग्लुटाथिऑन हे शरीराचं विषनाशक द्रव्य बनतं. यकृत अफ्लाटॉक्सिन निकामी करतं ते त्याच्याच जोरावर. हा आधार आहे, उतारा नव्हे. खराब मका चालू ठेवून मेथिओनिन ओतत बसलात तर पैसे वाया.

खरेदीला ओलावा मोजा, 13 टक्क्यांच्या वर असेल तर साठवू नका. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचा. नमुना एका पोत्यातून घेऊ नका. विष गड्डीगड्डीने असतं, म्हणून बऱ्याच पोत्यांतून थोडं थोडं काढून एकत्र करा, मगच तपासणीला द्या. पक्षी मरत असतील तर ताजा मेलेला पक्षी पुण्यात औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात न्या, आतडं आणि यकृत उघडून बघितल्याशिवाय औषध ठरवू नका.

नाकारलेला मका चांगल्यात कालवून संपवू नका, आणि गोठ्यातल्या म्हशीलाही घालू नका. अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो, ते दूध घरातली पोरंच पितात.