घरच्या घरी चांगल्या कोंबड्या तयार करायच्या तर: जोडी लावण्यापासून पिल्लं निघेपर्यंत

नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, इनक्युबेटर (अंडी उबवायचं मशीन) कुठला घेऊ? तो प्रश्न शेवटी विचारा हो. मशीन फक्त ऊब देतं, जात सुधारायचं काम त्याच्या आधी होतं, आणि ते हातात कोंबडी धरून करावं लागतं.

आधी आईबाप बघा

एका कोंबड्यामागे ८ ते १० कोंबड्या पुरेत, अंगाने भारी जात असेल तर अजून कमी. कोंबडा निवडताना नुसत्या तुऱ्यावर आणि पिसांच्या झळाळीवर भाळू नका. त्याला उचला, छातीच्या हाडावरून बोट फिरवा, सरळ लागतं का बघा, पायाची बोटं वाकडी नकोत, चोच वरखाली नीट मिटली पाहिजे, डोळे स्वच्छ पाहिजेत. तिरपी चोच, वाकडी बोटं हे पुढच्या पिढीत उतरू शकतं, त्यामुळे कितीही देखणा असला तरी तो बाद. अंगावर धावून येणारा पण बाद, स्वभावही काही प्रमाणात पिल्लांत उतरतो.

कोंबडी नियमित अंडी देणारी, चांगल्या कवचाची अंडी देणारी घ्या, आणि शक्यतो ८-९ महिन्यांच्या पुढची. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, नुकती अंड्यावर आलेली असते तेव्हा अंडं लहान, मग पिल्लूही लहान, ती अंडी खायला वापरा.

काही जोड्या मुळातच लावू नयेत. जपानी बँटम या छोट्या जातीचे ते आखूड पाय ज्या जीनमुळे येतात तो आई आणि बाप दोघांकडून आला की पिल्लू अंड्यातच मरतं, म्हणजे आखूड पायाची जोडी लावली की साधारण चौथा हिस्सा गेलाच समजा. तिथे एक आखूड पायाचा आणि एक जरा लांब पायाचा अशी जोडी लावतात.

कोंबडा बदलला तर लगेच अंडी जमवू नका, आधीच्याचं वीर्य कोंबडीच्या पोटात २-३ आठवडे टिकून राहतं, त्यामुळे ३ आठवडे थांबा नाहीतर पिल्लांचा बाप कोण हेच कळणार नाही. आणि भाऊ-बहीण, परत त्यांची पोरं, असं सारखं आपापसात चाललं की अंडी भरणं (म्हणजे अंड्यात जीव धरणं) कमी होतं, पिल्लं अंड्यात मरायला लागतात. सोपा मार्ग म्हणजे तीन गट करा, पोरी आईच्याच गटात ठेवायच्या आणि त्या गटात जन्मलेले कोंबडे दरवर्षी पुढच्या गटात सरकवायचे. पायात गटाप्रमाणे रंगीत कडी घाला, हे डोक्यात लक्षात राहत नाही.

अंडी जमवणं

दिवसातून दोन-तीनदा उचला. फार लांबट, फार गोल, तडा गेलेली, दोन बलकांची मोठ्ठी, ही सगळी बाजूला. घाण लागलेलं अंडं धुवायचा मोह होतो पण धुवू नका, कवचावर जो पातळ थर असतो तो जंतूंना आत जाऊ देत नाही, पाण्याने तो निघून जातो. त्यापेक्षा खोप्यातलं गवत स्वच्छ ठेवा.

ठेवायचं कुठे? १३ ते १८ अंश सेल्सिअसच्या गार जागेत, टोकदार बाजू खाली. फ्रिज त्याहून बराच गार असतो, तिथे नको. ७ दिवसांच्या आत उबवायला लावा, त्यानंतर रोज पिल्लं निघायचं प्रमाण घटत जातं. आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख, गट लिहा.

खुडूक कोंबडी का मशीन?

चांगली खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी, मिळाली तर मी तिलाच बसवेन, तिला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा मीटर) लागत नाही. खरंच खुडूक आहे का कसं ओळखायचं, तर हात पुढे केला की फुगून गुरगुरते आणि जागा सोडत नाही. रात्री अंधारात तिच्याखाली अंडी सरकवा, पोटाखाली झाकली जातील तेवढीच, साधारण १०-१२. उवा-पिसवांचा बंदोबस्त आधी करा. दिवसातून एकदा खायला उठते तेव्हा घाबरू नका, अंड्यांचं तेवढ्याने काही बिघडत नाही. सिल्की कोंबड्या यात एक नंबर, लेगहॉर्न मात्र सहसा खुडूकच होत नाही, मग मशीन आलंच.

मशीन अंडी न घालता एक पूर्ण दिवस चालवून बघा. पंखा असेल तर ३७.५ अंश, पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला साधारण ३८.५. मशीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, दुसरा थर्मामीटर ठेवा. आर्द्रतेचा मीटर तपासायला मीठ पाण्याने जरा भिजवून ते आणि मीटर एका झाकणबंद डब्यात ठेवा, काही तासांनी ७५ टक्के दाखवायला पाहिजे, जितका फरक असेल तितका लक्षात ठेवा. पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के ठीक.

हाताने फिरवणार असाल तर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल करा, दिवसातून ३ किंवा ५ वेळा फिरवा. विषम आकडा यासाठी की रात्रीचा मोठा वेळ अंडं रोज त्याच कुशीवर पडून राहत नाही.

टॉर्च लावून बघणं

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाला मोबाईलचा टॉर्च टेकवा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे एक काळा ठिपका, जरा थांबलात तर तो ठिपका हललेला दिसतो, ते अंडं जिवंत. सगळं स्वच्छ पिवळसर दिसलं तर भरलेलंच नाही. आणि शिरा नाहीत, नुसतं लाल कडं दिसतंय, तर पिल्लू सुरू होऊन मेलं. ही दोन्ही काढून टाका, सडकं अंडं आत फुटलं तर बाकीच्यांचीही वाट लागते.

हवेची पोकळी पण बघा, ती मोठी होत जायला पाहिजे. वजनकाटा असेल तर काम सोपं, ६० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ५३ च्या आसपास यावं. फार कमी घटलं तर आर्द्रता जास्त झालीये, पाणी कमी करा.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के, झाकण उघडायचं नाही. आधी आतून चिवचिव ऐकू येते, मग कवचाला एक छोटा टवका उडतो, आणि मग काहीच होत नाही, बारा तास, कधी अठरा तास. माणसं इथेच कवच सोलायला बसतात. पण त्या वेळात पिल्लू फुप्फुसाने श्वास घ्यायला लागलेलं असतं, शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, तुम्ही सोललंत की रक्त येणार. वेळ झाली की ते स्वतःच गोल फिरत कवच कापतं. ज्याला ओढून बाहेर काढावं लागलं ते जगलं तरी पुढे जोडीला ठेवू नये असं माझं मत.

सुकेपर्यंत मशीनमध्येच राहू द्या, पोटातल्या बलकावर दोन दिवस आरामात निघतात.

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब द्यायच्या जागेत, पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ ने कमी. पिल्लं दिव्याखाली गर्दी करून ओरडत असतील तर गार होतंय, कडेला पळाली असतील तर उकडतंय. खाली गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात. खाद्य चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं), लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) नाही, त्यात कॅल्शियम जास्त असतं. मॅरेक रोगाची लस पहिल्याच दिवशी असते, राणीखेत रोगाची नंतर, ते पशुवैद्याला विचारून घ्या.

न उबलेली अंडी फेकू नका

फोडून बघा, वास येतो पण सगळी माहिती तिथेच असते. बरीच भरलेलीच नसतील तर कोंबडा नाहीतर साठवण बघा, सुरुवातीला मेलेली असतील तर तापमान किंवा जुनी अंडी, शेवटी पूर्ण वाढून मेलेली असतील तर आर्द्रता नाहीतर फार जवळचं नातं. अंड्यावर गट लिहिलेला असला की एकाच गटातली मरतायत का सगळ्याच हे लगेच कळतं.

आणि एक गोष्ट अंडी लावायच्या आधीच ठरवा. निम्मे कोंबडे निघणार, त्यातले जोडीला एक-दोनच लागतात. उरलेले कुठे जाणार, कोणाला देणार, हे ठरलेलं नसेल तर चार-पाच महिन्यांनी खुराड्यात रोज मारामाऱ्या सुरू होतात आणि माद्यांची पाठ सोलून निघते.