बडोद्यात पूर आला तर घरात काय काय आणि कुठल्या क्रमाने करायचं

आम्ही बडोद्यात समा भागाच्या बाजूला तळमजल्याच्या टेनामेंटमध्ये राहतो, वर दोन खोल्या आणि गच्ची आहे, आणि 2019 आणि 2024 अशा दोन्ही पुरांत आमच्या हॉलमध्ये विश्वामित्री नदी येऊन गेली. दर जूनमध्ये कोणीतरी नातेवाईक किंवा नवीन राहायला आलेलं कोणीतरी विचारतंच, काय तयारी करायची हो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, आभाळाकडे बघून ठरवू नका, आमची सगळ्यात मोठी चूक हीच झाली होती. मुंबईत पाऊस पडतो तेव्हा पाणी भरतं आणि थांबला की उतरतं, बडोद्यात तसं नाही, इथे पाऊस थांबल्यावर पूर येतो. नदी पावागढहून येते, तिकडे आणि हालोलच्या बाजूला जे पडलं ते इथे यायला वेळ लागतो, शिवाय आजवा आणि प्रतापपुरा ह्या तलावांचं पाणी तिच्यातच येतं. आणि पुढे विश्वामित्री ढाढर नदीला मिळते, ढाढर आधीच फुगलेली असली की आपलं पाणी पुढे सरकतच नाही, तुंबून बसतं. म्हणून 2019 ला 31 जुलैला एका दिवसात जवळपास 20 इंच पडला तो पाऊस एकदाचा थांबला, आम्ही हुश्श केलं, भजी तळली, आणि पाणी त्यानंतर वाढत राहिलं. 2024 ला पण तसंच, जन्माष्टमीला धो धो पाऊस आणि नदीचा खरा जोर दुसऱ्या दिवशी.

तर बघायचा तो काळ्या घोड्याचा आकडा. कमाटीबागेजवळच्या त्या पुलापाशी नदीची पातळी मोजतात, 26 फूट म्हणजे धोक्याची खूण, पावसाळ्यात हा आकडा टीव्हीवर, रेडिओवर, सोसायटीच्या ग्रुपवर सगळीकडे फिरत असतो. 2024 ला तो 37 च्या आसपास गेला होता. पण नुसता आकडा कळून उपयोग नाही, तुमच्या घराचा आकडा तुम्हाला माहीत पाहिजे, म्हणजे काळ्या घोड्याला किती झाले की तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, किती झाले की ओट्याला लागतं. जुन्या शेजाऱ्यांना विचारा, त्यांना तोंडपाठ असतं. आमचा आकडा 30 आहे, म्हणून आम्ही 24 लाच कामाला लागतो, कोणी हसलं तर हसू दे. भिंतीवर जो पुराचा डाग राहतो ना, रंग काढताना तो मीटरच्या बाजूला वीतभर तसाच सोडायला लावला मी पेंटरला, त्याला वाटलं बाई वेडी आहे. पण नवीन प्लग पॉइंट, इन्व्हर्टर, वायफायचा डबा हे सगळं आता त्या डागाच्या वर आहे.

दुसरं म्हणजे कोण कुठे असणार ते आधी ठरवा. नदी चढली की पूल बंद करतात आणि गावाचे दोन तुकडे होतात, स्टेशन, अलकापुरी एका बाजूला आणि एसएसजी म्हणजे मोठा सरकारी दवाखाना, मांडवी दुसऱ्या बाजूला. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, तर थोड्या पावसात पण भरतो. म्हणून घरात कोणी डायलिसिसवर असेल, दिवस भरत आलेली सून असेल, ऑक्सिजन लागणारं माणूस असेल तर त्यांना रस्ता कोरडा असतानाच ज्या बाजूला त्यांचा दवाखाना आहे त्या बाजूच्या नातेवाईकाकडे पोचवा. सासूबाईंना आम्ही 2024 ला जाऊबाईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आदल्या संध्याकाळीच सोडलं, त्या रुसल्या, माझं घर सोडून मी कशाला जाऊ वगैरे, पण नंतर त्यांनीच सगळ्यांना सांगितलं की बरं झालं नेलं. कमरेएवढ्या पाण्यातून म्हातारं माणूस काढणं म्हणजे काय ते 2019 ला बघितलंय, परत बघायचं नाही.

आता सामान. लोक काय करतात, पहिल्यांदा टीव्ही उचलतात. टीव्ही भिंतीवर असतो हो, तो तसा पण वाचतो. आधी कागद, म्हणजे दस्तावेज, पासबुकं, मार्कशीट, विम्याच्या पॉलिसी, हे सगळं जून लागतानाच झिपच्या पिशव्यांत घालून एका बॅगेत वरच्या खोलीत ठेवून द्यायचं, आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये. मग औषधं, निदान आठवड्याची. मग पिण्याचं पाणी, माणशी रोजचं 3 लिटर धरा आणि तीन-चार दिवसांचं भरा, 2024 ला आम्हाला तीन दिवस लागले बाहेर पडायला. बादल्या, पातेली, कुकर जे मिळेल ते भरून वर. ह्यानंतर इन्व्हर्टरची बॅटरी, मिक्सर, शिलाई मशीन, धान्य. कपाटांचे आणि पलंगाचे खालचे ड्रॉवर सरळ बाहेर ओढून वर न्या, सामानासकट, कारण प्लायवूड फुगलं की ड्रॉवर नंतर उघडतच नाही, माझ्या लग्नातले दोन शालू असे आत अडकून कुजले, शेवटी कुऱ्हाडीने पलंग फोडला तेव्हा बाहेर आले. घरातली आतली दारं पण उघडीच ठेवा, तीही फुगतात.

फ्रिजचं सांगते. आम्ही तो विटांवर ठेवला आणि खूश झालो. चार फूट पाण्यात फ्रिज तरंगतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, तो तरंगत गेला आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडला, पाणी उतरल्यावर दारच उघडेना. वर नेता येत असेल तर न्या, नाहीतर रिकामा करून, प्लग काढून खिडकीच्या ग्रिलला दोरीने घट्ट बांधा. गॅसचा बाटला पण तरंगतो, रेग्युलेटर काढून, टोपी लावून वर न्या, आणि पाइपचा गॅस असेल तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा.

लाइट कधी बंद करायची ह्यावर आमच्या घरात दर वेळेला भांडण होतं. उत्तर सोपं आहे, पाणी अंगणात आलं की तळमजल्याची मेन बंद, पाणी घरात शिरायची वाट बघायची नाही. इलेक्ट्रिशियनला सांगून वर आणि खाली अशा वेगळ्या एमसीबी करून घ्या, फार खर्च नाही. आणि पाण्यात उभं राहून स्विचबोर्डाला हात लावायचा नाही, मग ती लाइट चालू असो नाहीतर बंद.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, पाणी पहिल्यांदा दारातून येत नाही, संडासातून येतं. कमोडमध्ये गुडगुड आवाज यायला लागला, बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडायला लागलं की समजायचं गटार उलटं भरतंय. जाड प्लास्टिकच्या पिशवीत रेती भरून तोंड बांधून ती कमोडमध्ये दाबून बसवायची, जाळीवर कापडाचा बोळा आणि वर वीट. ह्याने पूर अडत नाही पण घाण पाणी चार-पाच तास उशिरा येतं आणि तेवढ्यात बरंच सामान वर जातं. जमिनीखालच्या टाकीचं पाणी वरच्या टाकीत आधीच चढवून घ्या आणि मोटर काढता येत असेल तर काढून वर ठेवा, नाहीतर रिवाइंडिंगचा खर्च आहेच.

गाडी. पाऊस लागला की आदल्या रात्रीच उंच रस्त्यावर नाहीतर पुलाच्या चढावर लावून या. बुडालीच तर नंतर चावी फिरवू नका, बघू तर चालू होते का, असं अजिबात नाही, इंजिनात पाणी असताना सेल मारला की आतलं सगळं वाकतं आणि साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा ते कव्हर होत नाही, इंजिनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. बॅटरीची केबल काढा, फोटो काढा, टो करून न्या. इलेक्ट्रिक स्कूटर बुडाली असेल तर चार्जिंगला लावू नका.

पाणी घरात आलं की वर जायचं आणि वरच राहायचं. खायला कोरडं, म्हणजे शेव-ममरा, खाकरे, दाणे, गूळ, बिस्किटं. 2024 ला एक गंमत झाली, पूर शीतळा सातमच्या पाठोपाठच आला, त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलंच खातात, आमच्या शेजारच्या गुजराती भाभींनी सातमसाठी ढीगभर थेपले करून ठेवले होते, ते अर्ध्या गल्लीने दोन दिवस खाल्ले, गच्चीवरून गच्चीवर दोरीला पिशवी बांधून. तेव्हापासून श्रावणात मीसुद्धा थेपले जास्तच करते. मोबाइल एका वेळेला घरातला एकच चालू ठेवा, बाकीचे बंद, फोन लागत नसला तरी मेसेज बऱ्याचदा जातो. खूपच अडलात, वर मजलाच नाही, तर 112 ला लावा आणि पत्ता सांगताना जवळचं देऊळ किंवा शाळा सांगा, बोटवाल्याला सोसायटीचा बोर्ड दिसत नाही, तो पाण्याखाली असतो.

पाण्यात उतरू नका, हे बडोद्यात दुप्पट लागू. एक तर गटारांची झाकणं उघडी असतात, वाहतं पाणी नुसतं वीतभर असलं तरी माणूस पाडतं आणि दोन फुटांत गाडी वाहून जाते. आणि दुसरं म्हणजे मगर. बाहेरगावच्या लोकांना आपण गप्पा मारतो असं वाटतं, पण 2024 ला अकोटा स्टेडियमच्या बाजूला घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो सगळ्या देशाने बघितला. पाण्याबरोबर त्या सोसायटीत येतात आणि पाणी उतरलं की पार्किंगमध्ये, गाडीखाली, झुडपात बसून राहतात. कुत्र्याला रात्री खाली सोडू नका, कंपाउंडच्या भिंतीवरून पाय लोंबकळून बसू नका, आणि दिसली तर दगड मारू नका, व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका, ती घाबरलेलीच असते. लांबून नजर ठेवा, मुलांना आत घ्या, वन विभागाला कळवा, त्यांची आणि स्वयंसेवकांची माणसं येऊन नेतात, बडोद्यात ह्या कामात हात बसलेली मुलं आहेत.

खरं तर मला मगरीपेक्षा सापाची जास्त भीती वाटते, कारण तो दिसत नाही. पाणी उतरल्यावर घरात शिरताना आधी काठी आपटा, बूट झटकून घाला, वॉशिंग मशीनच्या खाली, गाद्यांच्या घडीत, उशांच्या मागे हात घालू नका. चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, माणसाला हलू न देता सरळ एसएसजीला, भगताकडे वेळ घालवू नका.

उतरल्यावर लगेच झाडू घेऊ नका, आधी फोटो. प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा, खराब झालेल्या वस्तूंचा, विम्याला पण लागतात आणि सरकारी सर्व्हेला पण. कॅश डोल म्हणजे रोख सरकारी मदत आणि घरवखरी म्हणजे घरातल्या सामानाची मदत, ह्यांच्यासाठी सर्व्हेवाले येतात तेव्हा घर चकाचक केलेलं असेल तर आमच्याकडे एकाने विचारलं होतं, कुठे पाणी आलं होतं बेन? म्हणजे आता काय बोलणार. फोटो झाले की मात्र वेळ घालवू नका, तो चिखल ओला आहे तोवर निघतो, वाळला की सिमेंट होतो. पाणी उतरताना त्याच पाण्याने घर धुऊन चिखल बाहेर ढकलत न्यायचा. बूट, हातमोजे घालून, पायाला जखम असेल तर दुसऱ्याला सांगा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केलं होतं हे आवर्जून सांगा, लेप्टो म्हणजे घाण पाण्यातून होणारा ताप असू शकतो. लाकडी सामान उन्हात नाही, सावलीत वाळवा, उन्हात तडकतं. कापसाच्या गाद्या आणि सोफा टाकून द्या, जीव अडकतो तरी टाका, वास कधीच जात नाही.

खालची टाकी पूर्ण उपसून, घासून, दोनदा धुऊन मग भरा, 1000 लिटर स्वच्छ पाण्याला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून वरचं निथळ पाणी घालायचं, एक तास थांबायचं, आणि प्यायचं पाणी तरी पुढचे पंधरा दिवस उकळूनच. वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन चालू नाही, आमच्याकडे तो चौथ्या दिवशी आला, आणि तेव्हा गणपतीला जेमतेम आठवडा उरला होता. भिंती ओल्या, घरात ब्लीचिंगचा वास, म्हणून मूर्ती त्या वर्षी वरच्या खोलीत बसवली आणि तेव्हापासून ती वरच बसते, हॉलमधलं मखराचं स्टँड आम्ही विकून टाकलं.