धायटी गोड लागत नाही? या चुका टाळा

शिगम्याचे ढोल वाजू लागतात तेव्हा गोव्यात आमच्या डिचोली-सत्तरीकडच्या उतारांवर धायटीची झुडपं लालभडक झालेली असतात. पाहुणे हौसेनं फूल तोडून चोखतात आणि तोंड वाकडं करून विचारतात, "हे गोड लागतं म्हणे?" लागतं की. पण फूल म्हातारं असेल तर ते काय देणार?

फसगत होते ती रंगामुळे. धायटीत लाल दिसतात त्या पाकळ्या नव्हेतच. ती निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाची नळी, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, जराशी वाकडी. खऱ्या पाकळ्या सहा, त्याही नळीच्या तोंडाशी, इतक्या बारीक की भिंग घ्यावं. बाहेर डोकावतात ते बारा पुंकेसर. आता गंमत अशी, की फूल सरलं तरी नळी गळत नाही. तिच्या पोटात बोंड धरतं आणि वरून ती लालसरच राहते. म्हणून लांबून फुललेलं वाटणारं झुडूप जवळ गेल्यावर निम्मं रिकामं निघतं. केसर ताजे, ताठ असतील, नळी तजेलदार असेल तेच फूल घ्या. केसर वाळलेले आणि बोटाला आत टणक लागलं, की सोडून द्या.

फूल ताजं असूनही कोरडं निघालं, तर तुम्ही उशिरा पोचलात. मध पिणारे शिंजीर पक्षी उजाडताच कामाला लागतात, त्यांच्यामागून मुंग्या. आणि हो, चोखण्याआधी फूल तळहातावर झटका. मी एकदा झटकलं नाही. जिभेच्या टोकाला मुंगी चावली आणि दुपारचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, नुसतं बघत बसलो.

ओळख पटवताना पान उलटून बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही. धायटीची पानं समोरासमोर, जवळपास बिनदेठाची, खालून करडट आणि त्यावर बारीक काळे ठिपके. फुलांचे झुबके फांदीभर, पानांच्या बेचक्यांतून निघतात. पिटकोळीशी गल्लत होते, पण तिची लाल फुलं फांदीच्या टोकाला गुच्छानं येतात, प्रत्येकाच्या चार पसरट पाकळ्या, पान तुकतुकीत. घाणेरीचं पान चुरगळलं की नाकच सांगतं. तिची हिरवी फळं विषारी, तेव्हा पोरांना तिच्यापासून लांबच ठेवा. नावातही घोटाळा होतो. धायटी आणि धावडा एक नव्हेत. धावडा मोठा वृक्ष, डिंकाच्या लाडवांतला डिंक त्याचा. धायटी फार तर दोन-तीन मीटरचं झुडूप.

खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्याकडेची फुलं नकोत, लाल फुलावर लाल धूळ दिसतही नाही. म्हादई अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय काही तोडता येत नाही. तिथं नुसतं बघा.

सरबत करणाऱ्यांची चूक वेगळी. फुलं धो धो नळाखाली धरली की मध वाहून जातो, खळखळ उकळली की तुरटपणा सगळा पाण्यात उतरतो. फुलांत टॅनिन भरपूर, म्हणूनच जुलाबावर ती औषधात घेतात. तेव्हा पाण्यात बुडवून लगेच काढा, कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळा, गूळ घाला आणि त्याच दिवशी प्या.

'त्याच दिवशी' असं मुद्दाम म्हणतोय. आयुर्वेदात आसव-अरिष्टं ही औषधं आंबवायला धायटीची फुलं घालतात, कारण फुलांवर यीस्ट असतं. मी गुळाचं सरबत बाटलीत घट्ट बंद करून ओट्यावर विसरलो होतो. सकाळी झाकण उघडलं तर फस्सकन फेस थेट भिंतीवर. मावशी चुलीपाशी होती. तिनं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "अरे, काजू पिकायला लागलेत, थोडा दम धर. फेणी काय धायटीची काढतोस?"