घरच्या माणसाचे पाय चोळताना: मालीश आणि रिफ्लेक्सॉलॉजीची जपून करायची पद्धत

नरक चतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावून घेतलेले नाही असा मराठी माणूस विरळाच. बाळ-बाळंतिणीला चोळायला येणारी बाई, कुस्तीनंतर एकमेकांचे खांदे रगडणारे तालमीतले पैलवान, उन्हाळ्यात डोळ्यांची आग होऊ लागली की तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवणारी आजी, यांच्या हातून मालीश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पुण्यात गेल्या काही वर्षांत तिच्या जोडीला रिफ्लेक्सॉलॉजीची, म्हणजे तळपायावरचे ठरावीक बिंदू शरीरातल्या अवयवांशी जोडलेले मानून ते दाबण्याच्या पद्धतीची, केंद्रेही दिसू लागली आणि उद्यानांमध्ये गोट्यांचे ॲक्युप्रेशर ट्रॅक आले. घरातील वडीलधाऱ्या माणसाचे पाय नीट कसे चोळावेत, त्यात रिफ्लेक्सॉलॉजीचे तंत्र कुठे वापरावे आणि हात कुठे आवरावा, हे येथे सांगते. गेली चार वर्षे मी माझ्या सासऱ्यांचे पाय आठवड्यातून तीनदा चोळते. त्यांचे गुडघे झिजलेले आहेत आणि रात्री झोप लवकर लागत नाही. जे काही शिकले ते बहुतेक त्यांच्याच पायांवर शिकले.

आधी ‘पूरक’ या शब्दाचा अर्थ पक्का करून घ्यावा. डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि व्यायाम चालू ठेवून त्यांच्या जोडीला जे केले जाते ते पूरक. ती बंद करून त्यांच्या जागी जे केले जाते ते पर्यायी. मालीश आणि रिफ्लेक्सॉलॉजी या दोन्ही गोष्टी पूरक म्हणूनच कराव्यात, यावर मी ठाम आहे, आणि त्याला एक कारण घरातच घडले. नात्यातल्या एका मावशींना शहरातील एका केंद्रात तळपायाच्या मध्यावरचा बिंदू दाबून ‘तुमच्या किडनीत बिघाड आहे’ असे सांगण्यात आले. त्या तीन आठवडे धास्तावून होत्या. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, सगळे व्यवस्थित निघाले. बिंदू दाबल्यावर दुखले होते हे मात्र खरे, कारण टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळपायाच्या जाड पडद्यालाच सूज होती. अस्थिरोगतज्ज्ञांनी ती पाच मिनिटांत ओळखली. तळपाय दुखतो तेव्हा बहुधा तळपायालाच काहीतरी झालेले असते.

रिफ्लेक्सॉलॉजीचा नकाशा कुठून आला हे माहीत असले की त्यावर किती विसंबायचे हे ठरवणे सोपे जाते. विल्यम फिट्झजेराल्ड या अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९१० च्या दशकात शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले आणि एका पट्ट्यात कुठेही दाब दिला तर त्याच पट्ट्यातील दुसऱ्या जागेची वेदना कमी होते, असे मांडले. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी हीच कल्पना पायांवर आणून संपूर्ण शरीराचा नकाशा तळपायावर बसवला: बोटांमध्ये डोके, चवड्यावर छाती, कमानीत पचनसंस्था, टाचेत कंबरेखालचा भाग आणि पायाच्या आतल्या कडेने पाठीचा कणा. वेगवेगळ्या पाठशाळांचे नकाशे आपसांतही पूर्ण जुळत नाहीत. या बिंदूंपासून त्या त्या अवयवांपर्यंत जाणारा कोणताही मार्ग शरीररचनाशास्त्राला सापडलेला नाही, आणि रिफ्लेक्सॉलॉजीने रोग ओळखता येतो किंवा बरा होतो असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. तरीही पाय नीट दाबून घेतले की मन शांत होते आणि अंग सैल पडते, हा अनुभव खोटा नाही. तो नकाशा न पाहता केलेल्या चांगल्या मालिशीनेही येतो. म्हणून मी नकाशा बाजूला ठेवते आणि त्यातले हाताचे तंत्र तेवढे घेते, कारण ते खरोखर चांगले आहे.

मालिशीची बाजू थोडी भक्कम आहे. कंबरदुखीत तिने काही काळ आराम पडतो, अस्वस्थता कमी होते, आणि कॅन्सरच्या रुग्णांना उपचारांच्या काळात धीर मिळावा म्हणून कित्येक ठिकाणी प्रशिक्षित हातांनी ती दिली जाते. केसाळ त्वचेत अत्यंत हळू स्पर्शाला प्रतिसाद देणारे मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर या वेगाने हात फिरला तर ते सर्वांत चांगले जागे होतात आणि तो स्पर्श सुखद वाटतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ३५ ते ४० सेंटीमीटर अंतर धरले, तर एक हात वर जायला आठ-दहा सेकंद लागले पाहिजेत. नवखा माणूस ते दोन सेकंदांत उरकतो, आणि बहुतेकांची मालीश तिथेच बिघडते. याउलट, मालिशीने शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात किंवा साठलेले लॅक्टिक ॲसिड निघून जाते, ही समजूत सोडून द्यावी. व्यायामानंतरचे लॅक्टिक ॲसिड शरीर स्वतःच तासाभरात निस्तरते.

कोणाचे पाय चोळू नयेत

हा भाग वाचल्याशिवाय तेलाची वाटी हातात घेऊ नये. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल, हाताला गरम लागत असेल आणि दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असण्याची शक्यता असते. अशी पोटरी चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जीव धोक्यात येतो. दुर्दैवाने आपल्याकडे ‘पाय भरून आलाय, जरा चोळून दे’ हेच पहिले वाक्य असते. विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर असे झाले, तर पायाला हात न लावता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ताप असताना मालीश करू नये. पावसाळ्यात पुण्यात डेंगीचे रुग्ण वाढतात आणि डेंगीत प्लेटलेट कमी होतात, त्यामुळे अंगदुखीवर उपाय म्हणून रगडणे आणखी धोक्याचे ठरते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर जोराचा दाब देऊ नये, कारण साध्या दाबानेही काळेनिळे डाग पडतात. ठिसूळ हाडे, नुकतेच झालेले फ्रॅक्चर, उघडी जखम, खरूज किंवा गजकर्ण, फुगलेल्या निळ्या शिरा, यांपैकी काही असेल तर तो भाग सोडावा. गरोदर बाईचे पाय चोळण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारावे, आणि कॅन्सरच्या रुग्णाच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय काहीच करू नये.

मधुमेहाविषयी वेगळे सांगते, कारण पुण्यातल्या बऱ्याच घरांत मधुमेही आहेत. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. पाणी किती गरम आहे आणि दाब किती बसतो आहे हे त्या माणसाला कळतच नाही. म्हणून त्याचे पाय गरम पाण्यात बुडवू नयेत. आधी चांगल्या उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या फटी पाहाव्यात. भेग, फोड किंवा रंग बदललेला दिसला तर मालीश तिथेच थांबवून पाय डॉक्टरांना दाखवावेत. खरे तर मधुमेही माणसाच्या बाबतीत ही पाहणी मालिशीइतकीच मोलाची आहे.

प्रत्यक्ष पद्धत

जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्यावेत. रात्री झोपण्यापूर्वीची वेळ सर्वांत सोयीची. स्वतःची नखे कापावीत, अंगठी आणि बांगड्या काढाव्यात. थंडीत तिळाचे तेल आणि उन्हाळ्यात खोबरेल, एवढी साधी निवड पुरते. लाकडी घाण्याचे तेल आता प्रत्येक उपनगरात मिळते. तेल गॅसवर तापवू नये. वाटी गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवावी आणि तेल आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर लावून पाहावे. दोन्ही पायांना मिळून दोन चमचे तेल पुष्कळ झाले. ज्यांचे पाय चोळायचे त्यांना पाठीशी उशी देऊन पलंगावर बसवावे, गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर ठेवावी आणि आपण पायांकडे तोंड करून खुर्चीवर बसावे. जमिनीवर वाकून बसले की दहा मिनिटांत आपलीच कंबर धरते आणि मग हात घाईला येतो.

सुरुवातीला तेल न लावता दोन्ही तळवे आपल्या तळहातांत धरून अर्धा मिनिट स्थिर राहावे. हे वाचताना निरर्थक वाटेल, पण सासरे याच अर्ध्या मिनिटात खांदे खाली सोडतात, हे मी दर वेळी पाहते. मग एका पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तेल लावावे. दोन्ही हात पोटरीभोवती कडे केल्यासारखे धरून वर जाताना हलका दाब द्यावा आणि खाली येताना हात नुसते टेकवून आणावेत. अशा सहा-सात फेऱ्या झाल्या की पोटरीचा मांसल भाग कणीक मळतो तसा तळहाताच्या उंचवट्याने सैल करावा. नडगीच्या हाडावर आणि गुडघ्यामागच्या खळग्यात दाब कधीही देऊ नये. घोट्याभोवती बोटांनी गोल फिरवून टाच एका हातात धरावी आणि दुसऱ्या हाताने पाऊल दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा सावकाश फिरवावे.

आता तळपाय. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात, त्यामुळे इथे घाई करू नये. रिफ्लेक्सॉलॉजीतले अंगठ्याचे तंत्र इथे कामी येते: पाऊल एका हाताने बाहेरून आधार देऊन धरावे, दुसऱ्या हाताचा अंगठा पहिल्या पेराशी किंचित वाकवून टेकवावा आणि सुरवंट चालतो तसा वाकवत, सरळ करत, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर पुढे न्यावा. अंगठा घासायचा नाही, चालवायचा. टाचेपासून प्रत्येक बोटाच्या मुळापर्यंत अशा पाच उभ्या रेषा झाल्या की संपूर्ण तळवा होतो. ही चाल तेल कमी असतानाच जमते, तेव्हा आधी तळवा पुसून घ्यावा. समोरचा माणूस श्वास रोखतो आहे, बोटे आखडतो आहे, की तोंडाने ‘बरं वाटतंय’ म्हणत असला तरी पाय मागे ओढतो आहे, हे पाहत राहावे. वडीलधारी माणसे संकोचाने दुखते असे सांगत नाहीत, म्हणून मी आधीच ठरवून घेते: दहापैकी पाचच्या वर दुखले की आकडा सांगायचा. सासरे आकडा सांगत नाहीत. ‘जरा हळू, सूनबाई’ म्हणतात. तेही पुरते.

शेवटी प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढून सोडावे. बोटे कडकन मोडू नयेत. एका पायाला दहा ते बारा मिनिटे द्यावीत आणि दुसऱ्या पायालाही तेवढीच.

काशाची वाटी वापरायची असेल तर ती रविवार पेठेतील भांड्यांच्या दुकानांत मिळते. तळव्याला चमचाभर साजूक तूप लावून वाटीचा तळ गोल फिरवावा. थंड, गुळगुळीत धातू तळव्यावरून फिरताना फार आल्हाददायक वाटतो. थोड्याच वेळात तूप काळपट होते. ‘अंगातली उष्णता निघाली’ असे घरोघरी म्हटले जाते, परंतु तो काळपटपणा वाटीच्या धातूचा असतो, कारण कासे हे तांबे आणि कथील यांचे मिश्रण आहे. मला वाटी आवडते. तिच्याविषयी एवढे खरे सांगितल्याने तिचे सुख कमी होत नाही.

मालीश झाल्यावर होणारा अपघात फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशीवर होतो. तेलकट तळव्यांनी ज्येष्ठ माणूस रात्री बाथरूमला निघाला आणि पाय घसरला, तर खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते. म्हणून तळव्यांना हरभऱ्याच्या डाळीचे पीठ चोळून, ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसून, बोटांच्या फटी कोरड्या करून सुती मोजे घालावेत. मोज्यांच्या तळाला रबरी ठिपके असतील तर उत्तम.

बाहेर जायचे असेल तर

आयुर्वेदाच्या पदवीधर वैद्यांची आणि फिजिओथेरपिस्टची राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते. रिफ्लेक्सॉलॉजिस्टसाठी अशी वैधानिक नोंदणी नाही, त्यामुळे पारख आपल्यालाच करावी लागते. ताडीवाला रस्त्यावरील बापू भवनात, म्हणजे डॉ. दिनशा मेहता यांच्या ज्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहिले होते तेथे, आता केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रमही पुण्यापासून जवळच आहे. अशा ठिकाणी उपचाराआधी प्रकृतीची चौकशी होते. कुठल्याही केंद्रात ती झाली नाही, आजार आणि गोळ्या विचारल्या गेल्या नाहीत, तर परत फिरावे. बिंदू दाबून रोग सांगणारा, गोळ्या बंद करायला लावणारा किंवा पहिल्याच दिवशी वीस बैठकांचे पैसे मागणारा माणूस टाळावा.

आणि केशकर्तनालयात चंपीनंतर मान झटक्याने दोन्हीकडे वळवून कडकड वाजवून देतात, तसे कृपया करू देऊ नये. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. डोक्याला तेल लावून घ्यावे आणि ‘मान नको’ असे खुर्चीवर बसतानाच सांगावे.

घरी एक वही ठेवावी. तारीख, किती मिनिटे, कुठे दुखले, त्या रात्री झोप कशी लागली, एवढ्या चार गोष्टी लिहायला अर्धे मिनिट लागते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही औषधांच्या फाइलमध्येच ठेवावी. सासऱ्यांच्या डाव्या पोटरीत पेटके वाढत असल्याचे आमच्या डॉक्टरांना याच वहीतून कळले आणि त्यांनी त्या दिवशी एक गोळी बदलून दिली.