बालवाडीतल्या या चुका टाळा: पेन्सिलीची घाई आणि बोलीला टोकणं

जून उजाडला की तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पाटी येते आणि पंधरा दिवसांत ‘अ’ गिरवून घेतला जातो. सगळ्यात नडते ती ही घाई. या वयात मनगटाची हाडं बरीचशी कूर्चेचीच असतात, बोटांतही जोर नसतो. मग मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यापासून हात हलवतं, लवकर दमतं. ‘हात दुखता’ म्हणालं किंवा पाटी दिसताच उठून गेलं, तर तो आळस समजू नका.

आधी बोटं तयार करा. परातीत दोन बोटं जाडीची ओली वाळू पसरून तीत बोटाने रेघा काढू द्या. कणीक मळणं, करवंटीने पाणी ओतणं, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणं हे रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. खडू द्यायचा तर मोडून इंचभराचा द्या. तुकडा मुठीत आवळता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा काळा रंगवला तर उभ्याने रेघा मारताना मनगटही आपोआप वळतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आपल्याच कोकण किनाऱ्यावर, बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महाग साधनांऐवजी शिंपले, बिया, माती अशाच वस्तू वापरल्या. आजही त्याच पुरतात. मात्र गोळा करताना दोन गोष्टी कटाक्षाने वगळा. गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी; चावली गेली तर जिवावर बेततं. कच्च्या काजूबीच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. फणसाच्या आठळ्या, चिंचोके निवडायला छान, पण सव्वा इंचापेक्षा लहान वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, घशात अडकते. मोठ्या मुलांनाही समोर बसूनच द्या आणि शेवटी मोजून परत घ्या.

दुसरी चूक बोलीची. मूल म्हणतं, ‘माका पानी व्हया.’ लगेच ‘असं नाही बोलायचं’ म्हटलं, की दोन-तीनदा टोकल्यावर ते बोलणंच बंद करतं, आणि मग ‘हे मूल मुकं आहे’ असा शेरा बसतो. त्याऐवजी पाणी देता देता म्हणा, ‘तुला पाणी हवंय? घे.’ प्रमाण मराठी कानावर पडते, चूक दाखवली जात नाही. गोष्ट आधी मालवणीत किंवा आगरीत सांगा, आठवडाभराने तीच पुस्तकी मराठीत.

पहिल्या आठवड्यात रडतंय म्हणून आई डोळा चुकवून निघते. मग मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. सांगूनच निघा, वेळ घड्याळाची नको, कामाची सांगा: ‘खिचडी खाऊन झाली की मी येते.’ सुरुवात एका तासाने करा, दर दोन दिवसांनी अर्धा तास वाढवा. पावसात एसटी चुकण्याची भीती असेल, तर सकाळीच सांगून ठेवा, ‘आज आजी न्यायला येईल.’