नळाला पाणी नसलेल्या दिवशी कसं उठायचं

नैराश्यातला सगळ्यात अवघड वेळ कोणता असं विचाराल तर मी रात्र म्हणणार नाही. सकाळ. डोळे उघडतात आणि छातीवर कुणी ज्वारीचं पोतं ठेवल्यासारखं वाटतं. संध्याकाळपर्यंत ते जरा हलकं होतं, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जागेवर. हा त्या आजाराचा ओळखीचा स्वभाव आहे, तुमचा आळस नव्हे. ‘लवकर उठा, सूर्यनमस्कार घाला, सकारात्मक विचार करा’ म्हणणाऱ्या माणसाला मी हल्ली चहासुद्धा विचारत नाही. उठताच येत नाही हेच तर दुखणं आहे.

डॉक्टरांना दाखवून झालंय, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासून झालंय, असं मी धरून चालते. झालं नसेल तर आधी ते करा. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच अंथरुणाला खिळतो, आणि ते लेख वाचून भरून येत नाही.

रात्रीचं थोडक्यात सांगते. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, चारनंतर चहा बंद.

आता सकाळ. ही गोष्ट मला नळाने शिकवली. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचे. आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा पहाटे येतं. नळ आधी खोकतो, मग नुसती हवा सोडतो, मग धार लागते. तोवर कुणीतरी ओरडलेलं असतंच, ‘पानी उनं वं!’ माझे सगळ्यात वाईट चार महिने चालू होते, अंघोळ तिसऱ्या दिवशी होत होती, तरी पाण्याच्या दिवशी मी उठायचे. मोटर लावायचे, ड्रम भरायचे, हंडे भरायचे, सासूबाईंच्या मोरीतली बादलीसुद्धा भरायचे. बाकीच्या दिवशी अकरा वाजेपर्यंत खाटेवर.

एकदा नवरा म्हणाला, ‘पाण्याच्या दिवशी बरी उठतेस.’ टोमणाच होता. मी तासभर रडले. मग लक्षात आलं, टोमणा असला तरी बोलला खरं. नळ मला ‘आज कसं वाटतंय’ असं विचारत नव्हता. माझ्या मनाची तयारी होईपर्यंत तो थांबणार नव्हता, आणि मी उठले नाही तर घर चार दिवस कोरडं राहणार होतं. म्हणून पाय आपोआप खाली यायचे, मन मागून यायचं, कधी कधी दुपारपर्यंत यायचंही नाही. पुढे कळलं की मानसोपचारात हीच रीत बिहेवियरल ॲक्टिव्हेशन या नावाने वापरतात. आधी कृती, उत्साह नंतर. आमच्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञान शिकवणारी संस्था आहे, पण पहाटे पोतं छातीवर असताना तत्त्वज्ञान चालत नाही. नळ चालतो.

तेव्हा पाणी नसलेल्या दिवशीही आपल्यासाठी एक नळ तयार करायचा. इथे मी चार वेळा आपटले, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्यांदा कार्डशीटवर वेळापत्रक केलं. साडेपाच योग, सहा फिरणं, सात वाचन. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवसापासून ते भिंतीवरून मलाच नापास करत राहिलं. फाडून चुलीत घातलं तेव्हा बरं वाटलं. वेळापत्रक करूच नका. बरं वाटत असलेला माणूस ते करतो आणि आजारी माणसाला ते पाळावं लागतं.

दुसऱ्यांदा पाच गजर लावले. पाचही बंद करायला मी शिकले, झोपेतल्या झोपेत.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडली. सासूबाईंना सांगितलं, मला उठवत जा. माऊली प्रेमळ, पण रोज सकाळी उशाशी उभी राहून ‘काय व्हयनं वं तुले?’ आणि त्याला उत्तर नाही. आठवड्यात आमचं बोलणं बंद. उठवणारं माणूस जेलर होतं आणि आपण कैदी. घरातल्या कुणालाही हे काम देऊ नका. जो रागावू शकतो, त्याला तर मुळीच नको.

चौथ्यांदा तुळशीला पाणी घालायचं ठरवलं. तुळस बिचारी तक्रार करत नाही. वाळून गेली.

शेवटी मी दुधाचा रतीब बंद केला. एवढंच. दूध दारात येणं थांबलं, डेअरीवर जाऊन आणल्याशिवाय घरात कुणालाच चहा नाही. काम असं निवडायचं की त्याला घराबाहेर जावं लागेल, ते दहा मिनिटांत संपेल आणि आपण गेलो नाही तर दुसऱ्या कुणाचं तरी अडेल. तुमच्याकडे म्हैस असेल तर तुम्हाला शोधायची गरज नाही. गावातल्या एका बाईने शेजारच्या मुलाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायचं अंगावर घेतलं. तेही चालतं. ‘फिरायला जाईन’ हे चालत नाही, कारण फिरायला न गेल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष उठणं. उठून बसायचा प्रयत्न करू नका. कुशीवर वळा आणि नुसते पाय खाटेखाली सोडा. शहाबादी फरशी तळव्यांना गार लागली की अर्धं काम झालं. तोंड धुवायचं नाही, केस विंचरायचे नाहीत. किटली, सुटे पैसे आणि चपला रात्रीच दाराशी. मी गाउनवर ओढणी घेऊन निघते. गल्लीतल्या निम्म्या बायका तशाच असतात, तुमच्याकडे कुणी बघत नाही. निघताना अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात लावायचं, हे मात्र सोडू नका. परत आल्यावर पसरलेली गादी दिसली की संपलं.

आल्यावर दूध गॅसवर ठेवा आणि तिथेच उभे राहा. दूध उतू जातं, म्हणून हलता येत नाही. ही दहा मिनिटं फुकटची मिळतात. साय धरायला लागते, कडेला बुडबुडे येतात, ओटा पुसायचा राहिलाय हे दिसतं. आपल्याला कसं वाटतंय हा प्रश्न मनाला दूध उतरवल्यावरच विचारायचा, त्याआधी नाही. उत्तर बहुतेक वेळा ‘वाईट’ असंच येतं. येऊ द्या. दूध तर तापलं.

उरलेला दिवस सोपा. अंघोळ जमत नसेल तर पाटावर बसून दोन तांबे घ्या. स्वयंपाक जमत नसेल तर तुरीच्या डाळीची खिचडी, वरून तेल. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा हट्ट नको. दृष्ट काढतो म्हणाले तर काढू द्या, त्यावरून भांडायला तुमच्याकडे ताकद नाही. गोळीऐवजी भगत म्हणाले तर तिथे मात्र भांडा.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, बारा ते पाच सगळं खान्देश आडवंच असतं. ते झोपणं आजारात मोजू नका. पण लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, चालू असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं आणि अपाय होतो. पाणी पीत राहा, मीठ एकदम तोडू नका. उलट्या-जुलाब, हाताला जास्त कंप, चालताना झोक जाणं असं काही दिसलं तर दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका.

गोळ्यांबद्दल एवढंच. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. मला दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, झोक्यावर बसले आणि डबी पिशवीतच राहिली. म्हटलं, आता कशाला? पाच दिवसांत चक्कर आणि डोक्यात विजेचे झटके, आणि पावसाळा लागेपर्यंत पोतं परत छातीवर. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालते, आणि थांबवताना डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

मरणाचे विचार येत असतील तर हा दुधाचा उपाय बाजूला ठेवा. १४४१६ लावा, टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही उचलतात, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते. आणि घरात फवारणीचं औषध असेल तर आजच दुसऱ्याच्या घरी हलवायला सांगा. कपाशीवाल्या घरात ते दाराआडच असतं. तसली वेळ बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं फार महत्त्वाचं.

आणि एखाद्या सकाळी नाहीच उठता आलं, तर? माझं आजही महिन्यातून दोन-तीनदा होतं. त्या दिवशी घरचे काळा चहा पितात, कुणी काही बोलत नाही. डेअरी संध्याकाळी साडेपाचला पुन्हा उघडते. किटली दाराशीच असते.