एकाच शेडमध्ये लहानमोठे पक्षी, ओले तूस: दोष खाद्य मिसळण्यात निघाला

तिसऱ्या आठवड्यापासून कोंबड्यांच्या दाटीच्या शेडमध्ये वजनात तफावत, तूस (खाली अंथरलेला भुसा) जागोजागी ओले, विष्ठा पातळ आणि नारिंगी चिकट. तूस बदलले, चुना टाकला, प्रोबायोटिक वाढवले; फरक पडेना, वैताग आला.

कॉक्सीचे (कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगाचे) औषध मात्रेत बरोबर होते, पण खाद्याच्या सगळ्या पोत्यांत सारखे नव्हते. औषध होते १२ टक्के सॅलिनोमायसिन, टनाला ५०० ग्रॅम, म्हणजे ६० पीपीएम (दहा लाख भागांत ६० भाग). एवढीशी पूड थेट मिक्सरमध्ये पडली की नीट पसरत नाही.

लागू पडलेला क्रम असा: हातमोजे आणि मास्क घालून पूड आधी ५ किलो बारीक मका भरड्यात, मग ते ५० किलो भरड्यात मिसळले. मिक्सरमध्ये निम्मा मका, त्यावर हे मिश्रण व मीठ, मग सोयापेंड, उरलेला मका. आडवा मिक्सर ५ मिनिटे, उभा असेल तर १५. तेल अगदी शेवटी. आधी ओतले तर गोळ्या होऊन औषध त्यांत अडकते.

पडताळणीसाठी मिसळलेल्या खाद्याचे १० ठिकाणचे नमुने घेऊन मिठातले क्लोराइड तपासा. विचलन गुणांक (नमुन्यांमधला फरक सरासरीच्या किती टक्के ते) १० टक्क्यांच्या आत हवा.

सॅलिनोमायसिन चालू असताना टियाम्युलिन हे प्रतिजैविक मुळीच देऊ नका, विषबाधेने पक्षी दगावतात.